स्कॉटिश किल्ल्याचा उलटा चर

शिरूरहून दौंडकडे जाताना डाव्या हाताला आता एक स्कॉटिश किल्ला लागतो. त्याची लांबी दीडशे फूट, उंची चाळीस फूट आणि जाडी अडीच फूट. पुढून पाहिलं तर चार बुरूज, शंभरेक खिडक्या आणि दारावर दोन सिंह. मागून पाहिलं तर लोखंडी अँगल, पाण्याच्या टाक्या आणि आचाऱ्याची शेड. लग्नाला येणारी माणसं पुढूनच येतात, त्यामुळे इतिहासाला काही बाधा येत नाही.

या लॉन्सच्या नावात ‘रॉयल’ आहे. एवढ्यावरून ते ओळखू येणार नाही, कारण आमच्या दोन्ही तालुक्यांत नावात ‘रॉयल’ नसलेलं लॉन्स शोधायचं तर दिवस मोडावा लागेल.

मालक माझा विद्यार्थी. शाळेत मी त्याला पाच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि पाच वर्षं तो खिडकीबाहेर बघत होता. आता रांजणगावच्या कंपन्यांमध्ये माणसं पोचवणाऱ्या बसगाड्या त्याच्या आहेत. मी दिसलो की तो उठून उभा राहतो आणि मी बोलतो ते मन लावून ऐकतो. तेव्हा ऐकत नव्हता त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. आता ऐकतो, हे जास्त धोक्याचं आहे.

माझी मुलगी स्कॉटलंडात असते. तिच्याकडे दोन महिने राहून मी परत आलो, तेव्हा तो पेढे घेऊन आला.

“सर, तुम्ही खरा किल्ला बघितला म्हणे.”

“किल्ला दुरुस्तीसाठी बंद होता. आवार बघितलं.”

“मला आवारच पाहिजे. किल्ला झालाय आपला.”

आवार खरंच बघण्यासारखं होतं. रेनकोट घातलेल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला तासभर फिरवलं. समोर दिसणारी टेकडी भर घालून केलेली. ओढा आधी सरळ होता, तो वळवून नागमोडी केलेला. झाडांची बेटं अशी लावलेली, की चालता चालता एकेक पडदा बाजूला व्हावा तसा देखावा उघडत जावा. निसर्ग आहे तसा दिसावा म्हणून तिथल्या सरदारांनी दोन पिढ्या मजूर राबवले होते. आणि वाड्याच्या, म्हणजे त्या किल्ल्याच्याच, समोर पूर्वी एक गाव होतं, ते जेवणघराच्या खिडकीतून दिसायचं, म्हणून उचलून मैलभर पलीकडे नेलं. बाईंनी हे भिंतीपासचं कपाट सरकवल्याच्या सुरात सांगितलं.

“आणि माणसं?” मी विचारलं.

“त्यांना नवी, छान घरं मिळाली.”

हे वाक्य मी पूर्वी मराठीत ऐकलेलं होतं. आमच्या भागात धरणांसाठी उठलेली गावं बरीच आहेत.

पण मला खरा आवडला तो तिथला चर. वाड्यापासून हिरवळ सरळ खाली कुरणापर्यंत जाते, कुरणात मेंढ्या चरतात, मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, आणि तरीही एक मेंढी वर येत नाही. बाईंनी आम्हाला अगदी कडेला नेलं, तेव्हा उलगडा झाला. हिरवळ संपते तिथे जमीन पुरुषभर खोल सरळ तुटलेली आणि त्या तुटीला दगडी भिंत. भिंतीच्या पायथ्याशी चर, आणि चराची पलीकडची बाजू उतरती, हळूहळू कुरणाच्या पातळीला जाणारी. मेंढी उतारावरून चरात येते, समोर भिंत बघते, परत फिरते. वाड्यातून यातलं काहीच दिसत नाही. सरदारांना मेंढ्यांचा देखावा मिळतो आणि लेंड्या मेंढ्यांकडेच राहतात.

हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं. सांगायची गरज नव्हती. बडेजावाला नावं ठेवण्यात माझं आयुष्य गेलं, पण आपण परदेशात काहीतरी पाहून आलो हे सांगण्याची हौस त्यापेक्षा जुनी असावी.

त्याची अडचण नेमकी तीच निघाली. लॉन्स चढावर, खाली घोड नदी. स्टेजवरून नदी दिसावी म्हणून त्याने ती जागा घेतलेली. भिंत बांधली तर नदी जाते, नाही बांधली तर वस्तीवरच्या म्हशी लग्नाला येतात.

“सर, हेच पाहिजे. काढून द्या.”

त्याच्याकडे पत्रिकांचा ढीग होता. एका पत्रिकेच्या पाठीवर मी आडवा छेद काढला. एक रेघ सरळ खाली, एक तिरकी वर. लॉन कोणत्या बाजूला आणि नदी कोणत्या, हे मला माहीत होतं, म्हणून मी लिहिलं नाही. याच चुकीसाठी मुलांचे मार्क मी वर्षानुवर्षं कापले आहेत.

लॉन्सच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला, चाचांची लिंबाची बाग आहे. चाचा रेल्वेत होते, दौंडला रुळांवर काम करणाऱ्या टोळीचे मुकादम. रुळाखाली पाणी साठू द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा तुकडा घेतला, त्यावर जुनी दगडी विहीर होती, आणि कागदी लिंबाची साठ झाडं लावली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. सकाळी मी फिरायला निघतो आणि त्यांच्या विहिरीच्या काठावर बसतो, तिथे माझं फिरणं संपतं.

विहिरीला उतरायला पायऱ्या आहेत आणि पाणी किती हे चाचा पायऱ्यांत सांगतात. लिंबाला खरी मागणी उन्हाळ्यात, आणि विहीर नेमकी तेव्हा दगा देते. शिमग्यालाच अकरावी पायरी उघडी पडायची, तिच्याखाली उरायचा तो नुसता गाळ. गेल्या दोन उन्हाळ्यांत नऊ झाडं वाळली. त्यांची मुलं पुण्यात. माझ्या विद्यार्थ्याला तो तुकडा पार्किंगला हवा होता, आणि मुलांचं म्हणणं, देऊन टाका.

“मी पोरांना सांगितलंय,” चाचा एकदा म्हणाले, “आजून एक उन्हाळा बघणार. आखितीला अकरावी पायरी उघडी दिसली तर सही करतो. न्हाई दिसली तर त्यो विषय परत काढायचा न्हाई.”

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. ऐन वैशाखातली. मला ही अट आत्मघाताची वाटली, तसं मी बोललोही.

“मास्तर, सत्तरी वलांडली. कवातरी तारीख धरावीच लागती.”

चर खोदायचा ठरला त्या दिवशी मालक रांजणगावला गेला होता. एका कंपनीत शिफ्टची वेळ बदलली होती. जाताना त्याने सांगितलं, सरांनी नकाशा बघावा, चाचांनी लेव्हल बघावी. जेसीबी चालवणारा आमच्याच बाजूचा, पन्नाशीचा, डोक्याला पंचा. पाणलोटाच्या कामात त्याने गावोगाव चर काढलेले. त्याने माझी पत्रिका हातात घेतली, उलटी करून वर-वधूंची नावं वाचली, मग पुन्हा सुलटी केली.

“सर, चरच हाय ना?”

“चर आहे, पण वेगळा आहे. हा दिसायला नाही पाहिजे.”

“चर कवा दिसतो? गवत आलं की गेला. आख्खा तालुका खोदलाय मी, मला काय शिकिवता.”

तासाभरात ऊन माझ्या टाळूवर आलं. मी चाचांना म्हणालो, तुम्ही आहात ना. ते पाण्याची नळी घेऊन उभे होते, पारदर्शक, दोन टोकांना पाण्याची रेघ बघून पातळी काढतात ती. म्हणाले, जावा तुम्ही, मी हाय.

संध्याकाळी आलो तर चर झाला होता. सरळ, रेखीव, एका पातळीत. निघालेली माती खालच्या अंगाला बांध घालून थापलेली. चार दिवसांनी गवंड्याने त्या बांधाला आतून दगड लावले. मी दोनदा त्याच्या काठाने चाललो आणि मला काहीही खटकलं नाही. लहानपणापासून मी चर पाहिले ते असेच. पाणी वरून येणार, बांध खाली पाहिजे, टोकं बंद पाहिजेत. इकडे माणूस चर खोदतो तो पाणी अडवायला, देखाव्यासाठी खोदायचं कुणाच्या हातालाच माहीत नाही. पलीकडे इनामगावच्या पांढरीवर काही हजार वर्षांपूर्वी लोक राहत होते, त्यांनीही नदीच्या पाण्यासाठी चर काढल्याचं उत्खनन करणारे सांगतात. त्यांनाही बहुधा नदी स्टेजवरून दिसायला नको होती.

थोडक्यात, स्कॉटलंडातली भिंत असते लॉनच्या बाजूला, आमची झाली पलीकडच्या. तिकडे उतार असतो मेंढ्यांच्या बाजूला, आमचा झाला पाहुण्यांच्या. आणि टोकं बंद असल्यामुळे पावसाळ्यात लॉनचं, रस्त्याचं, किल्ल्याच्या पत्र्याचं सगळं पाणी त्यात येऊन बसलं.

हे कळलं तुळशीचं लग्न झाल्यावर, पहिल्याच लग्नात. दुपारी साडेबाराचा मुहूर्त होता, म्हणून पावणेदोनला आशीर्वादाची भाषणं चालू होती. तालुक्याचे एक पुढारी वधूवरांना सहकाराचं महत्त्व सांगत होते. तेवढ्यात बांधावर एक म्हैस आली. उभी राहिली, खाली पाणी बघितलं, उतरली, प्यायली. मागून दुसरी आली. मग त्या आमच्या बाजूच्या सुंदर, हलक्या, हिरवळ लावलेल्या उतारावरून सावकाश वर आल्या, त्यांच्यासाठीच केल्यासारख्या. पुढाऱ्यांनी भाषण थांबवलं नाही. म्हशीही थांबल्या नाहीत. फेटे बांधलेली माणसं बाजूला सरकली आणि एक म्हैस सलाडच्या काउंटरपर्यंत पोचली. फोटोग्राफरने तेवढ्या वेळात जे टिपलं ते पुढे तालुकाभर फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. चाचा काठावर बसून वाळलेल्या फांद्या छाटत होते.

“चाचा, तो चर उलटा झालाय.”

“व्हय.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पहिला बकेट पडला तवाच. माती खाली टाकली की त्यानं.”

“मग बोलला का नाही?”

त्यांनी कोयता खाली ठेवला. “मला कुनी इचारलं? मला म्हनले, लेव्हल बघा. लेव्हल बघितली. ह्या टोकापासनं त्या टोकापोत्तर एका सुताचा फरक न्हाई.”

मी वळून वरच्या बांधाकडे बघितलं. ते म्हणाले, “मास्तर, आख्खी नोकरी पानी घालवन्यात गेली. जिथं थेंब थांबला तिथनं हाकलला. म्हनलं, एकदा थांबतंय तर थांबू द्यावं. आत वाकून बघा.”

मी वाकून बघितलं. चरातलं पाणी झिरपून खाली आलं होतं; कार्तिक संपत आला होता आणि विहिरीत तिसऱ्या पायरीवर पाणी होतं.

“तुमच्या विद्यार्थ्यानं माणूस बोलावलाय पुन्याहून,” चाचा म्हणाले. “बांध काढून पाईप टाकनार, पानी वढ्याला सोडनार. तुम्हाला इचारतील. मी काय म्हनत न्हाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुम्हाला जमत बी न्हाई.”

हे खरं होतं. शाळेत हेडमास्तरांसमोरही मला जमलं नव्हतं, त्याची फळं मी बदल्यांच्या रूपाने खाल्ली आहेत.

पुण्याहून आलेला माणूस तिशीचा, लँडस्केपचं शिकलेला, नीट हजामत केलेला आणि दुर्दैवाने हुशार. चराच्या काठावर उभा राहून त्याने दोन मिनिटांत सगळं ओळखलं. लॅपटॉपवर त्याने बरोबर छेद काढून दाखवला, आणि लॉन कोणत्या बाजूला हे लिहूनही दाखवलं. मालक, तो, मी आणि थोडे मागे चाचा, असे आम्ही उभे होतो. चाचा मुद्दाम लिंबाच्या झाडांकडे बघत होते.

“सिंपल आहे,” तो म्हणाला. “बंड म्हणजे हा बांध काढायचा, भिंत या साईडला घ्यायची, एंडला आउटलेट द्यायचा. तीन-चार दिवसांचं काम. नदी पुन्हा दिसेल.”

मालक माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही डोळ्यांनी बघून आलात. तिकडं पाणी असतं का चरात?”

त्या चरात पाणी नसतं. मी डोळ्यांनी बघून आलो होतो. चाचांनी एक लिंबू तोडून हातात घेतलं आणि त्याच्या देठाकडे असं बघायला लागले, जणू त्यावर काही लिहिलं आहे.

“त्या चरात नसतं,” मी म्हणालो. “पण तो चर वाड्यांना असतो. नंतरच्या काळातला. भांडणं संपली, सरदार ऐषारामाला लागले, तेव्हाचा. खऱ्या किल्ल्याला, जुन्या, लढलेल्या किल्ल्याला, खंदक असतो. पाण्याचा.”

यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं होतं ते हे मी नेमकं कधी सांगितलं यात.

मालकाने किल्ल्याकडे बघितलं, मग चराकडे. “म्हणजे खंदक भारी का चर?”

“खंदक जुना. राजेरजवाड्यांचा.”

पुण्याचा माणूस हसू आवरत म्हणाला, “पण सर, खंदक किल्ल्याभोवती असतो. लॉनच्या खालच्या टोकाला, किल्ल्यापासून तीनशे फुटांवर नसतो.”

“किल्ला आपलाच आहे ना,” मालक म्हणाला. “खंदक कुठं ठेवायचा ते आपण ठरवू.”

त्या माणसाने लॅपटॉप मिटला. मला त्याचं वाईट वाटलं, आम्हा चौघांत बरोबर बोलणारा तो एकटाच होता.

“आन् म्हशी?” मालकाने विचारलं.

तेव्हा चाचा पहिल्यांदा बोलले. “बांधावर घायपात लावा, शेठ. काटं असत्यात. म्हसरू फिरकायचं न्हाई. पाणलोटाच्या बांधाला तेच लावत्यात.”

तर अशा रीतीने खंदक झाला. त्यात कारंजं आलं, कारंज्यात दिवे आले, आणि फायबरचे दोन राजहंस दोरीने बांधले गेले, कारण वाऱ्याने ते कडेला जाऊन आडवे व्हायचे. बांधावर घायपात इतकं जोमाने आलं की आता स्टेजवरून नदी दिसत नाही. जिच्यासाठी भिंत बांधायची नव्हती ती नदी घायपाताच्या पलीकडे निवांत वाहते. त्याबद्दल अजून एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. लग्नात नदी कोण बघतं.

खंदकापाशी पाटी पाहिजे, असं मालकाचं म्हणणं पडलं, आणि ती मीच लिहावी असंही. आयुष्यभर मी अशा पाट्या वाचून नाक मुरडलं आहे. ‘स्कॉटलंडमधील प्राचीन किल्ल्यांभोवती शत्रूपासून संरक्षणासाठी खंदक असत’ असं लिहून मी ती दिली. मालकाने माझ्या मजकुराखाली आपल्या अकलेने एक ओळ घातली: ‘त्याच धर्तीवर’. खाली ‘संकल्पना’ म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरात आहे. शिकवलेल्या सगळ्या वर्षांत माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरात कुठेच लागलं नव्हतं.

शिमगा झाला. सहावी पायरी. पाडव्याला सातवी. चैत्र उलटल्यावर पाणी भराभर उतरायला लागलं आणि माझं सकाळचं फिरणं वाढलं, म्हणजे मी दिवसातून दोनदा विहिरीवर जाऊन बसायला लागलो. आठवी. चाचा पायऱ्या मोजत नव्हते, मीच मोजत होतो. मालकाची माणसं पार्किंगसाठी टेप घेऊन बांधापर्यंत येऊन गेली. नववी.

आखितीला मोठा मुहूर्त. लॉन्सवर सकाळपासून गाड्यांची रांग, फेट्यांची दुकानं लागल्यासारखी माणसं, ढोल-ताशा. चाचांचे दोन्ही मुलगे आले होते, थोरल्याच्या हातात कागदांची फाईल होती. आम्ही चौघे विहिरीशी उभे राहिलो. थोरला काठावरून वाकला आणि बोटाने मोजायला लागला. त्याच्या इमानदारीचं मला कौतुक वाटलं, कारण त्याने दोनदा मोजलं.

“नऊ उघड्या,” तो म्हणाला. “दहावी पाण्यात हाय, अब्बा. अर्धीच, पर पाण्यात हाय.”

“आन् अकरावी?”

“अकरावी दिसतच न्हाई.”

“मंग झालं तर.” चाचांनी कोयता उचलला. “फाईल गाडीत ठेव, लिंबं काढायची हायती. वरून दोन पोत्यांची मागणी हाय सरबताला.”

मुलांनी शर्ट काढून झाडाला अडकवले आणि कामाला लागले. धाकट्याने एकदा विचारलं, औंदा पाणी कसं काय टिकलं. चाचा म्हणाले, अल्लाची मेहरबानी, आणि ह्या मास्तरांची.

दुपारी पोती द्यायला आम्ही वर गेलो. चाचा पाटीपाशी थांबले, चष्मा लावला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून सगळी वाचली, माझ्या नावापर्यंत. स्टेजवर कुणीतरी वधूवरांना सहकाराचं महत्त्व सांगत होतं.

“हे खरं हाय का, मास्तर?”

“स्कॉटलंडात खरं आहे.”

त्यांनी खंदकाकडे बघितलं. पाणी तळाला गेलं होतं, राजहंस चिखलात बसले होते.

“पावसाआधी त्या जेसीबीच्या डायवरला बोलवा,” ते म्हणाले. “गाळ काढून घिऊ. फुटभर आजून खोल गेला तर बरं. शेठला सांगा, किल्ल्याला शोभंल.”

मी सांगतो म्हणालो. वाक्य मी तिथेच मनात जुळवायला लागलो होतो.